हा पोटभरल्यांचा आजार नव्हे

परवा एका अभ्यासवर्गात विषय निघाला. मानसशास्त्राच्या संशोधकांनी एका महाविद्यालयात आवाहन केले होते : स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी लाज आणि जीव कासावीस करणारी चिंता यांविषयी स्वेच्छेने मुलाखती द्या. आमचे एक ज्येष्ठ साथी हसून म्हणाले, "ही पोटभरल्यांची दुखणी. भुकेल्याला आरसा पाहायला सवड कुठे?" वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या दोन मुली मात्र हसल्या नाहीत.

साथींचे हे म्हणणे वरकरणी वर्गनिष्ठ वाटते. वस्तुतः ते बाजाराच्याच पथ्यावर पडणारे आहे. देहाची लाज आभाळातून पडत नाही. ती घडवली जाते आणि विकली जाते. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारतीय बाजारात आले ते याच लाजेच्या भांडवलावर. २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणा तेवढा गळला. सावळ्या मुलीच्या बापाकडे हुंडा चढा मागितला जातो, हे कोणत्या पोटभरल्याचे दुखणे आहे?

फिजी बेटांचे उदाहरण पाहावे. तेथे भरदार अंगाला मान होता. १९९५ साली नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी पोहोचली. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेने त्या वर्षी शाळकरी मुलींना प्रश्न विचारले, तेव्हा वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी आढळली नाही. १९९८ साली तशाच वयाच्या मुलींना तेच विचारले, तर ११.३ टक्के मुलींनी होकार दिला. पडद्यावरच्या बायकांसारखे व्हायचे आहे, असे मुलींनी बोलून दाखवले. तीन वर्षांत जे झाले त्याचा पुरावा जगापुढे आला तो त्या मुली बोलल्या म्हणून. घरातही जे सांगायला जीभ रेटत नाही ते त्यांनी परक्यापुढे सांगितले. याला आम्ही सार्वजनिक कार्य म्हणतो.

कंपन्यांना मात्र आपल्या स्वेच्छेची गरज भासत नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ लोकांपुढे येणाऱ्या मजकुरातील सुखदुःखाचे प्रमाण बदलून त्यांच्या लिहिण्यावर होणारा परिणाम मोजला. त्या लोकांना कुणी विचारले नव्हते. इन्स्टाग्राममुळे दर तीनांतील एका किशोरवयीन मुलीच्या मनातील देहाविषयीचा सल वाढतो, हा त्याच कंपनीचा अंतर्गत निष्कर्ष. तो २०२१ साली बाहेर फुटला, तोपर्यंत दप्तरातच होता. आपण खुल्या संशोधनाकडे पाठ फिरवली, तर आपल्या मनाचे ज्ञान उरेल ते फक्त या दप्तरांत.

दुसरीही एक गोष्ट. मानसशास्त्राच्या प्रमुख अमेरिकन नियतकालिकांतील सहभागी व्यक्तींपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होत्या, असे २००८ साली जेफ्री आर्नेट यांनी दाखवून दिले. त्यांतही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. विड्या वळणारी, धुणीभांडी करणारी बाई या शास्त्रात नाहीच. मग तिच्या धडधडीला 'अशक्तपणा' म्हणून टॉनिकची बाटली हाती ठेवली जाते, यात नवल ते काय?

म्हणून आमचे म्हणणे असे की सहभागी व्हावे. परंतु डोळे उघडे ठेवून. संशोधन म्हणजे उपचार नव्हे, प्रश्नावली भरल्याने कुणाची झोप परत येत नाही, हे आधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती कळेल अशा भाषेत मिळणे आणि कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येणे, हा सहभागी व्यक्तीचा हक्क आहे. मुलाखतीने कुणाची जखम उघडी पडली तर तिला कोणत्या दवाखान्यात नेणार, हेही सहीपूर्वी विचारावे. जिचा दिवसाचा रोज बुडतो तिला तो भरून मिळालाच पाहिजे; गरिबाचे स्वेच्छाकार्य म्हणजे फुकटची वेठ नव्हे.

वस्त्यांत काम करणाऱ्या आपल्या शाखांनी संशोधकांना कार्यालयात जरूर बोलवावे. चहा द्यावा, आणि पहिलाच प्रश्न टाकावा : तुमचा अहवाल आमच्या बायांना मराठीतून वाचून दाखवायला तुम्ही कोणत्या तारखेला येणार?