मातीचा किल्ला म्हणजे इतिहास, मग विटांची आगगाडी पोरखेळ कशी?

दिवाळीच्या सुट्टीत कळंबोलीच्या सिडको वसाहतीत इमारतींच्या आवारांतून मातीचे किल्ले उभे राहतात. दगड, पोती, चिखल, वर पेरलेले हळीव, दरवाजापाशी मावळे. वडीलधारी मंडळी थांबून पाहतात आणि कौतुकाने म्हणतात, पोरांना इतिहास कळतो. हे कौतुक योग्यच आहे. मात्र त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एखादा पंचविशीचा तरुण प्लास्टिकच्या विटा जोडून मोटरवर धावणारे रेल्वे इंजिन रचत असेल, तर त्याच्या वाट्याला येणारे वाक्य ठरलेले असते : 'एवढा घोडा झाला, तरी खेळणी सुटत नाहीत.'

हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करावी लागेल. अंगणातल्या किल्ल्याला प्रमाण नसते. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, तोफ बुरुजात मावत नाही, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. विटांची आगगाडी रचणाऱ्याला ही मोकळीक नाही. त्याच्या हाती रूळ तयार येतात आणि रुळांची रुंदी त्याला बदलता येत नाही. तिथूनच गणित सुरू होते, आणि गणिताबरोबर इतिहासही.

लेगोच्या विटेवरील दोन खुंट्यांमधले अंतर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर. डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले कर्क ख्रिश्चनसेन या सुताराने उभारलेल्या कंपनीने या जोडणीच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला, आणि १९६६ साली विटांची पहिली मोटरवर चालणारी आगगाडी बाजारात आणली. वीजपुरवठ्याच्या पद्धती तेव्हापासून बदलत गेल्या : आधी साडेचार व्होल्ट, मग बारा, १९९१ पासून धातूच्या रुळांतून नऊ व्होल्ट, आणि आता पुन्हा डब्यात लपवलेली बॅटरी व हातातल्या मोबाइलचा आदेश. रुळांमधले अंतर मात्र तेच राहिले, सुमारे साडेसदतीस मिलिमीटर.

युरोपातल्या प्रमाण रुळांची रुंदी १,४३५ मिलिमीटर. तिला साडेसदतीसने भागले की प्रमाण येते सुमारे १:३८. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:४५. दोन देशांच्या गाड्या एकाच प्लास्टिकच्या रुळावर ठेवल्या, तर त्या वेगवेगळ्या मापाच्या जगांतून आलेल्या असतात. असे का, हा प्रश्न पडताच तरुणाला १८५० च्या आसपासच्या पत्रव्यवहारापर्यंत जावे लागते. इंग्लंडमध्ये रुळांच्या रुंदीवरून झालेला वाद ताजा होता. हिंदुस्थानात तो नको, येथे पहिल्यापासून एकच आणि रुंद माप असावे, असा गव्हर्नर जनरल डलहौसी याचा आग्रह होता. त्याला सहा फूट हवे होते, ठरले साडेपाच. पुढे मीटरगेज आणि नॅरोगेज आलेच, पण कळंबोलीवरून दिवा-पनवेल मार्गाने जाणारी प्रत्येक मालगाडी आजही त्या साडेपाच फुटांवरच धावते.

पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत संपते. विटा जोडणाऱ्याला मात्र ते बोटांनी मोजावे लागते. आयसीएफ बनावटीचा निळा डबा प्रत्यक्षात सुमारे सव्वातीन मीटर रुंद आणि २१.३ मीटर लांब. १:४५ ने तो ७२ मिलिमीटर रुंद होतो, म्हणजे नेमक्या नऊ खुंट्या. दुकानातल्या आगगाड्या बहुधा सहा किंवा आठ खुंट्यांच्या असतात, आणि सम संख्येमुळे त्यांची मध्यरेषा दोन खुंट्यांच्या मधोमध जाते. नऊ ही विषम संख्या. मध्यरेषा थेट खुंटीवर येते, आणि छतापासून बफरपर्यंत प्रत्येक भाग अर्ध्या खुंटीने सरकवावा लागतो. ज्याने एकदा हा नऊ खुंट्यांचा डबा रचला, त्याला भारतीय गाडी 'रुंद' आहे म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागत नाही. (१:४५ प्रमाणात विटांचा चार सेंटिमीटरचा माणूस बरोबर एक मीटर ऐंशीचा होतो. त्याच्या खांद्यांच्या रुंदीविषयी मात्र मौन बाळगलेले बरे.)

आता वळणाकडे येऊ. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ३२० मिलिमीटर. १:४५ ने ती भरते चौदा-साडेचौदा मीटर. माथेरानच्या दोन फुटी रुळांनाच शोभावे असे हे वळण, आणि त्यावर चालवायचा आहे ब्रॉडगेजचा डबा. आयसीएफ डब्याच्या दोन बोगींच्या केंद्रांत १४.७८ मीटर अंतर असते. प्रतिकृतीत ३२८ मिलिमीटर. हा डबा त्या वळणावर ठेवला, तर त्याचा मध्य रुळांच्या मध्यापासून ४५ मिलिमीटर आत सरकतो. डब्याची अर्धी रुंदी ३६ मिलिमीटर. म्हणजे डब्याची बाहेरची भिंतसुद्धा रुळांच्या मध्यरेषेच्या आत जाते. शेजारी खांब असेल तर तो कोसळलाच.

येथे दोनच मार्ग उरतात : वळण मोठे करा, नाहीतर वाहनाचे तुकडे करा. पहिल्या मार्गाने शौकीन मोठ्या त्रिज्येचे रूळ मिळवतात. दुसऱ्या मार्गाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्विस अभियंते गेले होते, आणि त्याच मार्गाने एक यंत्र मुंबई-पुण्याच्या घाटात आले.

ते यंत्र म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे 'ईएफ/१', पुढच्या काळातील नाव 'डब्ल्यूसीजी-१'. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. १९२९-३० पर्यंत तारा पुण्याला पोहोचल्या. मालगाड्या घाटातून ओढण्यासाठी या वर्गाची ४१ इंजिने आली; १० स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यातून, ३१ इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीतून. हीच ती फाउंड्री, जिथून १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीची इंजिने आली होती. या इंजिनाचे अंग तीन तुकड्यांचे : मधे चालकाचा कक्ष, पुढे-मागे वळणाबरोबर स्वतंत्र फिरणारी दोन लांब नाके. चाकांना जोडणाऱ्या दांड्या बाहेर उघड्या. युरोपात अशा इंजिनाला 'मगर' म्हणत. येथल्या रेल्वे कामगारांनी त्याला 'खेकडा' म्हटले. उभे असताना ते विचित्र कण्हत असे आणि चालताना दांड्यांचा सपसप आवाज येई, असे वर्णन आढळते.

नाव मराठी, घाट मराठी, आणि सुमारे सहा दशकांची सेवा. ४१ पैकी बोटांवर मोजण्याइतकी इंजिने आज उरली आहेत; त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. बाकीची वजनावर गेली. पोलादाच्या व्यापारासाठी वसवलेल्या कळंबोलीत राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. इंजिन सेवेतून निघाले की ते यंत्र राहत नाही, त्याचे टन होतात.

आता वादाचा गाभा. २०२० साली लेगोने 'मगर' इंजिनाचा संच काढला, स्विस गॉटहार्ड मार्गाच्या आठवणीचा. त्याआधी आणि नंतर हॉगवर्ट्स एक्स्प्रेस आली, ओरिएंट एक्स्प्रेस आली. खेकडा आला नाही. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीनही नाही. यात कंपनीचा दोष काढण्यात अर्थ नाही. ती बाजार पाहते. दोष असेल तर तो 'विकत मिळते तेवढेच जतन करण्याजोगे' असे मानणाऱ्या ग्राहकवृत्तीचा. पेटी उघडून, पुस्तिकेतील चित्राबरहुकूम एक ते हजार तुकडे लावून जो 'मी मगर बनवली' म्हणतो, त्याने जोडणी केली, रचना केली नाही. खेकडा रचू पाहणाऱ्याजवळ पुस्तिका नसते. त्याला जुनी छायाचित्रे मिळवावी लागतात, चाकांची संख्या मोजावी लागते, दांडी कोणत्या चाकाला कुठे जोडली आहे हे धूसर छायाचित्रातून ताडावे लागते, दोन साधने एकमेकांशी जुळत नसतील तर कोणते विश्वसनीय हे ठरवावे लागते. इतिहासाच्या वर्गात याला साधनचिकित्सा म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर त्याला खेळणी म्हणतात.

आणि हे यंत्र चालावे लागते, हे विसरता कामा नये. खंडाळ्याच्या घाटाची चढण ३७ ला १. मेजावर तिचा अर्थ असा की दर मीटरला २७ मिलिमीटर, जवळजवळ तीन विटांची उंची. सपाट रुळावर सहा डबे सहज ओढणारी छोटी मोटर या चढणीवर हरते. बहुधा तिची शक्ती संपत नाही. चाके जागच्या जागी घसरतात. चाकांवर रबरी कडे घाला, इंजिनात वजन भरा, डबे कमी करा. एवढे करूनही भागले नाही, की मागे दुसरे इंजिन लावण्याची कल्पना सुचते. कर्जतला गाडी थांबवून मागे बँकर का जोडतात, हे वर्षानुवर्षे पुण्याला जाऊन-येऊन ज्याला उमगले नाही, त्याला ते तासाभरात उमगते.

आक्षेप तीन आहेत, आणि तिन्हींत थोडे तथ्य आहे.

पहिला, हे परदेशी प्लास्टिक. आहेच. परंतु १८५३ च्या गाडीतही रूळ आणि इंजिने परदेशी होती. प्रश्न सामान कुठून आले एवढाच नसतो, त्याच्यावर हुकमत कोणाची, हाही असतो. अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली येथल्या हातांनी संपूर्ण इंजिन घडवले. तरीही पुढची पन्नास वर्षे इंजिने प्रामुख्याने विलायतेतूनच येत राहिली, कारण हुकूम तिथला होता. परक्या विटांतून आपल्या घाटाचे यंत्र उभे करणारा निदान हुकूम तरी स्वतःचा चालवतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांशी याचे भांडण लावण्याचेही कारण नाही. ती रंगून पूर्ण होऊन येतात. विटांचे इंजिन चुकले की मोडून पुन्हा रचता येते.

दुसरा, हा श्रीमंतांचा चोचला. हा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३ साली ७० वर. एका मोठ्या संचाची किंमत कळंबोलीतल्या अनेक घरांच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रचना ही खरेदीच्या आधीची पायरी आहे. संगणकावर फुकट मिळणाऱ्या 'स्टुडिओ' या प्रणालीत एकही वीट न घेता संपूर्ण खेकडा रचता येतो, त्याच्या तुकड्यांची यादी निघते, आणि ज्याला पुठ्ठा परवडतो त्याला तीच मापे पुठ्ठ्यावर उतरवता येतात. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या खटपटीतून १९९८ साली जे छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, त्याच्या मुळाशीही एका माणसाचा छंदच होता. आज शाळांच्या सहली तिथे जातात आणि त्याला कोणी चोचला म्हणत नाही.

तिसरा आक्षेप इतिहासकारांचा, आणि तो सर्वांत खरा. प्रतिकृतीत यंत्र चकाकते आणि माणसे नाहीशी होतात. भोर घाटाचा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. २५ बोगदे, आणि पटकी, ताप, सुरुंग व कडे कोसळून मेलेले हजारो मजूर. त्यांची नावे कुठल्याही संचात येणार नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि काम त्याची पत्नी ॲलिस हिने पुढे नेले, एवढे तरी नोंदले गेले. मजुरांच्या वाट्याला संख्या आली, तीही अंदाजाची. विटांचा बोगदा हे सांगणार नाही. मात्र दिवाळीतला किल्लाही पाथरवटाचे नाव सांगत नाही, आणि म्हणून कोणी तो मोडा म्हणत नाही. जो तरुण चढणीवर घसरणाऱ्या चाकांशी आठ दिवस झगडला आहे, तो ही चढण खोदली कोणी, हे निदान विचारेल. घोडा म्हणून हिणवणाऱ्यांनी तो प्रश्न कधी विचारला होता?

यातून मागणी एकच निघते, आणि ती त्या तरुणाकडे नाही. घाटातल्या जुन्या इंजिनांची मापे, कारखान्यांतील निळे नकाशे, निवृत्त चालकांच्या घरची छायाचित्रे ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी ती बाहेर काढावीत आणि सर्वांसाठी खुली करावीत. खेकड्याच्या नाकाची नेमकी रुंदी किती खुंट्यांची धरावी, यावर दुसऱ्या मजल्यावर आज रात्रीही काम अडलेले असेल.