स्थानिक नावाचा रकाना

मराठी साहित्य शिकवून पोट भरणाऱ्या माणसांनी सागरी जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसावे यात काय औचित्य आहे, असा प्रश्न गेल्या वर्षभरात आम्हांस अनेक सहकाऱ्यांनी विचारला. त्यात थट्टेचा भाग अधिक होता हे खरे. पण उत्तर थट्टेवारी नेण्याजोगे राहिलेले नाही, म्हणून हे टिपण.

अंधेरी आणि बोरिवली येथील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही तिघे. उपनगरातील समुद्राजवळच्या एका महाविद्यालयाने चालवलेल्या अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रमास आम्ही नावे नोंदवली. विषय सागरी जीवशास्त्र आणि समुद्रसंवर्धन. शनिवारी दुपारी वर्ग, रविवारी किनाऱ्यावर फेरी. वर्गात बहुतेक विज्ञान शाखेचे विद्यार्थी, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील एक मुलगी. ही मुलगी विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढे जे सांगायचे आहे त्याचा बराचसा भाग तिच्यामुळे घडला.

पहिल्याच रविवारी आमची फजिती झाली. वेळापत्रकाप्रमाणे आम्ही सकाळी जुहूला जमलो. खडकांवरचे पाणी काही हटेना. तासभर वाट पाहिल्यावर ती मुलगी संकोचाने म्हणाली, "सर, आज अष्टमी. आज भांग आहे. पाणी लांब जायचं नाही." भांग म्हणजे काय, हे आम्हां तिघांपैकी एकासही ठाऊक नव्हते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्रसूर्यांचे आकर्षण एकवटते, भरती उंच चढते आणि ओहोटी दूरवर जाते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ती दोन्ही आकर्षणे काटकोनात येतात, भरती-ओहोटीतले अंतर घटते, तो भांग. शालेय भूगोलात आम्ही हे वाचले असणार आणि परीक्षेनंतर विसरलो असणार. तिच्या घरी मात्र तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, पण मुंबईच्या किनाऱ्यावर तो पुष्कळसा जुळतो, आणि त्याला ना घड्याळ लागते ना मोबाईल. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. पाऊण तासाचे कोष्टक म्हणजे ती पन्नास मिनिटेच, हिशेबाला सोपी करून घेतलेली.

ज्यांनी आयुष्यभर पंचांगाला अंधश्रद्धेच्या खात्यात टाकले त्या आम्हांस तिथी हे समुद्राचे वेळापत्रक आहे हे असे कळले. असो.

किनाऱ्यावर प्रत्येकास एक छापील तक्ता मिळे. त्यात रकाने होते: दिनांक, स्थळ, भरतीची वेळ, शास्त्रीय नाव, इंग्रजी नाव, स्थानिक नाव, संख्या. आम्ही हळूहळू तरबेज झालो. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर गोट्यांहूनही बारीक अशा हजारो गोळ्यांची नक्षी उमटते. ती काढणारा इवलासा खेकडा 'डोटिला' कुळातला, तो वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो, हे आम्ही शिकलो. शास्त्रीय नाव लिहिले, इंग्रजी नाव लिहिले. स्थानिक नावाचा रकाना रिकामा राहिला. महिनाअखेरीस तिघांचे तक्ते एकत्र मांडले तेव्हा ध्यानात आले की हा रकाना बहुतेक सगळीकडेच रिकामा आहे. सबंध वर्गात मराठीचे अध्यापक आम्हीच, आणि मराठी नावाचा रकाना आमचाच कोरा. त्या मुलीच्या तक्त्यात याच्या नेमके उलट होते: निवटी, कालव, खुबे, शिवल्या, माकूल, पाखट, चिंबोरी. तिचे लॅटिन अडखळत होते.

मग परीक्षा आली. प्रश्नपत्रिका इंग्रजीत, उत्तरेही इंग्रजीतच अपेक्षित. एक प्रश्न भरतीच्या दोन प्रकारांतील भेद सांगण्याविषयी होता. इंग्रजीत उधाणाला 'स्प्रिंग टाइड' म्हणतात आणि भांगाला 'नीप टाइड'. मुलीने अदलाबदल केली. 'स्प्रिंग' म्हणजे वसंत ऋतू, त्या दिवसांत समुद्र शांत, म्हणून लहान भरती ती स्प्रिंग असा तिने तर्क लावला. इंग्रजीतल्या त्या शब्दाचा वसंताशी संबंध नाही, तो उसळण्याशी आहे. पण हे तिला कोणी सांगितले नव्हते. पेपरानंतर आम्ही उलगडून सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे भांगच की!" आम्हांस भांग जिने शिकवला तिचे त्या प्रश्नाचे गुण गेले आणि आमचे पूर्ण आले. आम्ही तिघे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो. ते गुण फारसे गोड लागले नाहीत.

या प्रसंगावरून कोणी इंग्रजीविरोधी भाषण अपेक्षित असेल तर ते आम्ही करणार नाही. दोष द्यायचा तर पहिल्यांदा आमच्याच घराला द्यावा लागेल. मराठी साहित्यात समुद्र थोडका नाही. सावरकरांची १९०९ सालची 'सागरास' आहे, कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' आहे, आणि आम्ही ती वर्गात पोटतिडकीने शिकवतो. पण हा समुद्र संबोधनाचा आहे. त्याला हाक मारता येते, आव्हान देता येते, त्याच्यावर रुसता येते. त्याच्या पोटात काय आहे हे विचारण्याची गरज त्या कवितांना नाही, आणि ते त्यांचे वैगुण्यही नव्हे. वैगुण्य आमचे, की तेवढ्यालाच आम्ही समुद्र समजून बसलो. एखादा म्हातारा मच्छिमार आठवा असे विद्यार्थ्यांना सांगितले तर जे नाव पुढे येते ते हेमिंग्वेच्या कादंबरीतल्या नायकाचे, पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली केलेल्या 'एका कोळियाने' या अनुवादातून भेटलेले. अनुवाद थोर आहे. पण मराठी वाचकाच्या ओळखीचा कोळी क्यूबात राहतो आणि वर्सोव्याचा कोळी फक्त वरातीतल्या गाण्यात, ही वाटणी काही बरी नव्हे.

साहित्याने सोडलेली ही जागा शासनाने आणि वृत्तपत्रांनी भरली आहे, आणि कशी भरली आहे ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली या वनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला, त्याचे नाव 'कांदळवन कक्ष'. वृत्तपत्रे 'खारफुटी' लिहितात. मुंबईच्या खाड्यांत गोराईपासून मुलुंडपर्यंत जे झाड सर्वाधिक आढळते ते मात्र कांदळ नव्हे, ते तिवर. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे तिवराची; कमानीसारखी टेकू देणारी मुळे कांदळाची. ज्याने एकदा चिखलात पाय घातला त्याला हा फरक सांगावा लागत नाही. चिप्पी, झुंबर, किरकिरी, मारांडी ही आणखी वेगळी. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केले गेले तेव्हा निदान एक नाव तरी कागदावर आले याचा आम्हांस आनंद झाला. पापलेट २०२३ साली राज्यमासा झाला. परंतु ठाणे खाडीचे २०१५ सालचे अभयारण्य मराठीतही 'फ्लेमिंगो अभयारण्य'च आहे. रोहित आणि अग्निपंख हे शब्द पक्षिनिरीक्षकांच्या पुस्तकांतच राहिले. घाटकोपर-मुलुंडचे आमचे विद्यार्थी आपल्याला समुद्र नाही असे मानतात, आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या पंतनगर भागात विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मरून पडले तेव्हा हे पक्षी इथे आले कोठून, असे विचारतात. खाडी त्यांच्या घरांपासून दोन-तीन किलोमीटरांवर आहे.

नाव चुकल्याने काय बिघडते, या प्रश्नाला एक अगदी व्यावहारिक उत्तर आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कित्येक भाविकांना पाण्यात दंश झाले. दंश करणारा मासा पाखट. वाळूत पसरून बसतो, पाय पडला की शेपटीच्या काट्याने वार करतो. तेव्हापासून विसर्जनाच्या आधी महानगरपालिका सूचना काढते, आणि त्या मराठी सूचनेत 'स्टिंग रे' आणि 'ब्ल्यू बटन जेलिफिश' यांपासून सावध राहण्यास सांगते. पाखट म्हटले असते तर निम्म्या किनाऱ्याला ते चित्रासह कळले असते. स्टिंग रे म्हटल्याने कोणाला काय कळते ते महापालिकाच जाणे.

आता दुसरी बाजू. स्थानिक नावांच्या प्रेमात पडून शास्त्र मोडीत काढावे असे आमचे म्हणणे नाही. मुशी हे एक नाव कितीतरी वेगवेगळ्या जातींना पुरते, पाखटाचेही तेच. त्यांतली कोणती जात कायद्याने संरक्षित, कोणती नाही, हे ठरवायला लॅटिनच हवे; लोकभाषेचे काम बाजार आणि जाळे यांपुरते भागते. उलट जिथे बाजाराला फरक लागतो तिथे ती भाषा विलक्षण बारीक होते. ओला जवळा आणि वाळलेली सुकट, ताजी कोळंबी आणि सुकवलेले सोडे यांना स्वतंत्र शब्द आहेत, कारण त्यांचा भाव वेगळा आणि स्वयंपाकही वेगळा. डोल जाळे प्रवाहाच्या तोंडी गाडून ठेवतात आणि ते भरतीओहोटीच्या ओढीवर भरते, म्हणून उधाण आणि भांग हे शब्द तिथे जिवंत राहिले. ज्यांना जाळे लावायचे नाही त्यांच्या तोंडून ते गेले. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. हा नियम वर्सोव्याच्या धक्क्यावर पाळला जायचा असेल तर तो कोणत्या शब्दांत सांगितला जातो याला महत्त्व आहे, आणि त्याविषयी मत्स्यविज्ञानाच्या अध्यापकाइतकेच भाषेच्या अध्यापकालाही काही म्हणता आले पाहिजे.

अर्धवेळ शिकणाऱ्यांनी इतक्या मोठ्या गोष्टी बोलू नयेत, असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सुचवले. त्यांना आम्ही स्टाइनबेकची आठवण दिली. त्याने १९२३ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डच्या सागरी केंद्रात काही वर्ग केले होते. पुढे एडवर्ड रिकेट्स या जीवशास्त्रज्ञाबरोबर त्याने केलेल्या सफरीचे पुस्तक १९४१ साली निघाले. रेचेल कार्सन तर इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून महाविद्यालयात आली आणि मग जीवशास्त्राकडे वळली. 'सायलेंट स्प्रिंग'मुळे आपण तिला ओळखतो, पण त्याआधीची तिची तिन्ही पुस्तके समुद्रावर आहेत. तिच्या वाक्याला जी लय आहे ती प्रयोगशाळेत मिळालेली नसावी, असा आमचा साहित्यिक पूर्वग्रह.

इथेही साधने नाहीत असे नव्हे. वर्सोव्यात १९६१ पासून केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था उभी आहे. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम जुहूला, कार्टर रोडला, हाजी अलीला किनारफेऱ्या काढतो आणि हौशी माणसाला खडकाच्या खळग्यात वाकून पाहायला शिकवतो. नाही ते एवढेच, की या सर्वांच्या शेजारी वही घेऊन बसलेला मराठी विभागाचा एखादा विद्यार्थी. मोल्सवर्थने १८३१ साली कोश छापला तेव्हा त्याच्या हाताशी गावोगावचे शब्द गोळा करणारे पंडित होते. आमच्या विभागांत दरवर्षी प्रबंधांचे विषय ठरतात आणि त्यांत ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रण दर दोन वर्षांनी परत येते. डोल जाळ्याच्या दोऱ्यांची, तरंडांची आणि खुंटांची नावे हा विषय आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही.

घाई अशासाठी की नावे ज्या जागांना चिकटून आहेत त्या जागा हलत आहेत. दक्षिणेकडचा किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे जाणाऱ्या पुढच्या रस्त्याची आखणी तिवरांच्या वनांतून जाते. रस्ता हवा की नको, हा वाद आम्ही येथे घालत नाही. ज्या खाडीच्या प्रत्येक वळणाला नाव आहे ती खाडी नकाशावर 'क्षेत्र क्रमांक' झाल्यावर तिच्याविषयी हरकत कोणत्या शब्दांत नोंदवायची, हे मात्र आम्हांस कळत नाही.

अभ्यासक्रम मार्चमध्ये संपला. त्यानंतरही आम्ही तिघे आणि ती मुलगी अमावास्येच्या आसपास जुहूला जातो. आता तारीख तिथीवरून ठरते. गेल्या खेपेस तिने आजीला सोबत आणले. आजींनी वाळूवरची ती गोळ्यांची नक्षी पाहिली, आमचा तक्ता पाहिला, आणि एवढ्याशा खेकड्याला कोण नाव ठेवतंय, तो खाता येतो का, असे विचारून हसल्या. रकाना तसाच राहिला. मग खडकाच्या कडेने जाताना त्यांनी न थांबता अकरा नावे सांगितली, त्यांतली चार आम्हांस कुठल्याच कोशात सापडली नाहीत. दोन नीट ऐकू आली नव्हती. पुढल्या अमावास्येला ती पुन्हा विचारायची आहेत.