हजामत ही शिवी नव्हे

परवा नातीनं इंग्रजीचा धडा वाचताना विचारलं, “आबा, न्हाव्याला बार्बर का म्हणतात?” मी सांगितलं, लॅटिनमध्ये ‘बार्बा’ म्हणजे दाढी, त्यावरून. मग खुंटीवरची धोकटी काढून तिच्यापुढं ठेवली. वस्तरा, कैची, नराणी, तुरटीचा खडा, पितळी वाटी. माझे वडील केज तालुक्यातल्या आमच्या गावचे वारिक. मराठवाड्यात न्हाव्याला हाच शब्द. संत सेना महाराजांच्या अभंगातही तोच येतो. सुगीत खळ्यावर ज्वारी मिळे, ते आमचं बलुतं.

नातीला म्हणालो, आपले शब्दही बघ. ‘दाढी’ आली दाढेवरून. संस्कृतातली दंष्ट्रा प्राकृतात दाढा झाली. दाढा असतात त्या जबड्यावरचे केस ते दाढी. ‘न्हावी’ हा प्राकृतातला ‘ण्हाविअ’, त्याच्या मुळाशी न्हाणं आहे. इंग्रजीनं या माणसाला केसांवरून ओळखलं, मराठीनं पाण्यावरून. आणि तसंच होतं ते. तान्ह्याचं जावळ असो की बाप गेलेल्या पोराचं मुंडण, वडील आधी वाटीत पाणी मागायचे.

‘हजामत’ अरबीतून आली. हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढण्याचा उपचार, तो करणारा हज्जाम. लंडनमध्येही १५४० ते १७४५ न्हावी आणि शस्त्रवैद्य एकाच संघात होते. इतक्या मानाच्या कामाचं नाव आपण शिवीसारखं वापरतो.

मी सातवीत असताना एका मास्तरांनी भर वर्गात विचारलं होतं, “शाळेत येऊन काय हजामती करतोस?” पोरं हसली. त्या दिवशी घरी आल्यावर मी धोकटीकडं बघितलं नाही. आज सभेत एखादा पुढारी ‘विरोधकांची बिनपाण्यानं हजामत केली’ म्हणतो, टाळ्या पडतात, सकाळी पेपरात तोच मथळा येतो. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी हे थांबवावं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. वर्गात आमच्या घरातली लेकरं बसलेली असतात.

बिनपाण्यानं म्हणे! १९७२ च्या दुष्काळात हंडाभर पाण्यासाठी आई दोन कोस चालायची. त्यातलं वाटीभर पाणी वडील बाजूला काढून ठेवत. गिऱ्हाईक कुणीही असो, गाल भिजवून, बोटांनी चोळून मऊ केल्याशिवाय त्यांनी वस्तरा उघडला नाही.