मताचा हक्क आणि बाईचे नाव



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय निराळा आहे, पण आपल्या सभासद नोंदवहीशी त्याचे जवळचे नाते आहे.

स्त्रियांच्या मतदानाच्या हक्काची हकिकत सभा-समारंभांतून एका ठरीव पद्धतीने सांगितली जाते. स्वित्झर्लंडसारख्या पुढारलेल्या देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ साल उजाडावे लागले, आणि आपल्या घटनेने मात्र १९५० सालीच तो हक्क देऊन टाकला, असे वक्ते सांगतात. टाळ्या पडतात. सालांत काही चूक नाही. आमची हरकत आहे ती 'देऊन टाकला' या शब्दांना. पाटाला आयते पाणी यावे तसा हा हक्क आलेला नाही. आधी तीस-बत्तीस वर्षे बायांनीच चर खणला आहे.

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू हिंदुस्थानात आले होते. सरोजिनी नायडूंच्या पुढारीपणाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांना मद्रासला भेटले आणि मताधिकारात आमचाही विचार करा, असे त्यांनी स्वच्छ मागितले. पुढे साउथबरो कमिटीने ही मागणी नाकारली. तेव्हा १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या मायलेकी थेट लंडनला जाऊन पार्लमेंटच्या कमिटीपुढे उभ्या राहिल्या. पार्लमेंटने निर्णय प्रांतांच्या कौन्सिलांवर सोडला. इकडे आपल्या इलाख्यात रमाबाई रानडे यांनी या कामी पुढाकार घेतला. १९२१ साली मद्रास आणि मुंबई या दोन्ही कौन्सिलांनी ठराव करून स्त्रियांना मत दिले.

पण ते मत कोणाला मिळाले? जिच्या स्वतःच्या नावावर ठराविक शेतसारा वा मालमत्ता असेल तिला. आता त्या काळी किती बायांच्या नावावर जमीन होती, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. १९३५ च्या कायद्याने दार थोडे आणखी उघडले. लिहिता-वाचता येणारी बाई, तसेच मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्याची बायको किंवा विधवा यांना मत मिळाले, आणि देशात साधारण साठ लाख स्त्रिया मतदार झाल्या. म्हणजे मत बाईचे, पण ते आले नवऱ्याच्या जमिनीच्या वाटेने! प्रौढ मताधिकाराची मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे ठेवली होती. ती पुरी झाली घटनेच्या ३२६ व्या कलमाने. सारा नाही, शिक्षण नाही, नवरा नाही; एकवीस वर्षे वय पुरे. (ते पुढे १९८९ पासून अठरा झाले.)

यानंतरचा भाग तर भाषणांतून गळूनच जातो. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करणारे लोक घरोघर गेले. नाव विचारले की पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळे, "लिहा, अमक्याची बायको," किंवा "तमक्याची लेक." परक्या माणसाला घरच्या बाईचे नाव कशाला सांगायचे, ही रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की स्वतःचे नाव नसेल तर नोंद धरायची नाही. देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख स्त्रिया अशा रीतीने यादीतून गळाल्या. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या.

हा निर्णय कठोर होता, पण आमच्या मते योग्य होता. 'अमक्याची बायको' म्हणून दिलेले मत हे शेवटी अमक्याचेच दुसरे मत होते. आधी नाव, मग मत, हा धडा त्या अठ्ठावीस लाखांच्या नुकसानीतून देशाला मिळाला. २०१९ च्या लोकसभेला देशात बायांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे गेली. त्यामागे ही सारी वाटचाल आहे, आणि ती विसरून नुसते १९५० साल आठवणे म्हणजे खोडव्याचे पीक बघून लागणीची मेहनत विसरणे.

आता आपल्या घरी या. सहकार कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे शेअर्स कितीही असोत, एका सभासदाला एकच मत, आणि ते ज्याचे त्याने स्वतः द्यायचे. दुसऱ्यामार्फत चालत नाही. आपल्या नोंदवहीत महिला सभासद आहेत. परंतु उसाची नोंद द्यायला मुलगा येतो, वार्षिक सभेला दीर येतो, आणि बाईंना विचारले तर उत्तर येते, "मला काय कळतंय त्यातलं? त्यास्नी इचारा." ज्या माऊलीने जन्मभर त्याच उसात खुरपणी केली, तिला कळत नाही असे आम्ही तरी मानणार नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी ही सभासदकी आहे.

कोणी म्हणेल, घरात एकच विचार असतो, मग कोण का येईना! घरात एक विचार असेल तर आनंदच आहे. पण मग बाईने येऊन तोच विचार मांडायला अडचण कसली?

तेव्हा आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे. सभासद मयत झाल्यावर वारसाचा अर्ज करताना मुलाचे नाव पुढे करण्याआधी त्याच्या आईला विचारा. जिथे बाईचे नाव लागेल तिथे तिचे स्वतःचे पूर्ण नाव सातबाऱ्याशी आणि आधारकार्डाशी ताडून लावा, 'कै. अमुक यांची पत्नी' एवढ्यावर भागवू नका. आणि निवडणुकीची कच्ची यादी लागेल तेव्हा भगिनींनी आपले नाव स्वतः पाहावे किंवा मोठ्याने वाचून घ्यावे. हरकतीची मुदत टळल्यावर बोलून उपयोग नसतो.

वार्षिक सभेच्या दिवशी शेतीची कामे असतातच. त्या दिवशी जनावरांची वैरण-पाणी घरातल्या पुरुषाने बघावे आणि सभासद बाईने सभेला यावे, एवढी विनंती.