गाडी कोणाच्या वस्तीपाशी थांबणार?

कामावर जाण्या-येण्यात महिन्याला किती पैसे आणि किती तास जातात, याचा हिशेब आपल्या घरांत सहसा कोणी मांडत नाही. किराणा, घरभाडे, मुलांची फी, दवाखाना हे खर्च डोळ्यांत भरतात. ऑटोरिक्षाला दिलेले वीस-तीस रुपये मात्र खिशातून कधी गेले तेही कळत नाही. आज आम्ही याच खर्चाविषयी लिहिणार आहोत. कारण मुंबई-पुण्याबरोबर आता नागपूर-नाशिकसारख्या मध्यम शहरांतही मेट्रोचे आराखडे निघाले आहेत. हजारो कोटी रुपयांचे हे आराखडे आहेत आणि त्यातील रेघा कागदावर ओढल्या जात असताना आपला समाज बहुधा गप्प असतो.

"हा विषय इंजिनियर लोकांचा, आपल्याला त्यात काय कळते?" असे काही बांधव म्हणतील. त्यांनी बाबासाहेबांचे आयुष्य आठवावे. १९०१ साली बाल भीमराव भावंडांसह कोरेगावला वडिलांकडे निघाले. रेल्वेने त्यांना मसूर स्टेशनपर्यंत आणून सोडले. पुढे मात्र एकही बैलगाडीवाला त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण कबूल झाला. १९२९ साली तेच भीमराव बॅरिस्टर होऊन सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरत होते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला. आपल्या माणसांनी टांगा भाड्याने घेऊन स्वतःच हाकला. हाकणाऱ्याला सवय नव्हती. टांगा पुलाजवळ अडखळला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. प्रवासाचे साधन कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही, तो असा.

रेल्वेच्या राज्यात सगळी समता नांदत होती, असे आमचे म्हणणे नाही. पण सार्वजनिक गाडीचा एक मोठा गुण आहे. तिचे भाडे ठरलेले, वेळ ठरलेली, थांबा ठरलेला. तिला हाकणाऱ्याच्या मर्जीवर प्रवासी अवलंबून नसतो. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०७ मध्ये विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. नाशिकमध्येही जुन्या शहरापासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम होती, ती १९३० च्या दशकात बंद पडली. म्हणजे मध्यम शहरात रुळांवरची गाडी ही कल्पना आजची नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली आहे.

मग आज तिची एवढी गरज का वाटावी? नागपूरचे उदाहरण घेऊ. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल शहराच्या मध्यभागी होती. भोंगा वाजला की आसपासच्या वस्त्यांतून कामगार पायी निघत. ती मिल २००२ मध्ये बंद झाली. आज रोजगार हिंगण्याच्या एमआयडीसीत, मिहानमध्ये आणि सुमारे ३० किलोमीटरवरच्या बुटीबोरीत गेला आहे. वस्ती जागेवर राहिली आणि काम लांब गेले. पूर्वी पायांना पैसे लागत नव्हते. आता मजुरीतला एक तुकडा रोज रस्त्यावर पडतो. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींना तर सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घरे गाठायची असतात. त्यांचे अर्धे आयुष्य चालण्यात आणि वाट पाहण्यात जाते.

नागपूर मेट्रोला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. सुमारे ३८ किलोमीटरचे २ मार्ग आणि ८,६८० कोटींचा खर्च धरला होता. आता त्यातील कोणता भाग कधी सुरू झाला, ते पाहा. मार्च २०१९ मध्ये वर्धा रोडवरचा, विमानतळाकडे जाणारा दक्षिणेचा मार्ग सुरू झाला. जानेवारी २०२० मध्ये पश्चिमेचा, लोकमान्यनगरकडचा. उत्तर नागपुरातले गड्डीगोदाम, कडबी चौक, इंदोरा, नारी रोड आणि पूर्वेकडचा आंबेडकर चौक यांना ११ डिसेंबर २०२२ ची वाट पाहावी लागली. पहिली गाडी धावल्यापासून ही पावणेचार वर्षे होतात. गड्डीगोदामला रेल्वेमार्गावरून पूल न्यायचा होता, ते काम अवघड होते, हे आम्ही मान्य करतो. पण लोकसंख्या दाट, खिसा हलका आणि गरज मोठी अशा भागाचा नंबर शेवटी लागला, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. ४३.८ किलोमीटर लांबी आणि ६,७०८ कोटी खर्च. हे मार्ग कन्हान, हिंगणा, बुटीबोरीची एमआयडीसी आणि ट्रान्सपोर्टनगर यांच्याकडे जातात. कन्हानचा मार्ग कामठीतून जातो. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे आणि बिडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास यांची ही कामठी. हे मार्ग खरोखर कष्टकऱ्यांच्या वाटेने जाणारे आहेत, म्हणून आम्ही त्यांचे स्वागत करतो.

नाशिकची गोष्ट वेगळी. तिथे रुळांऐवजी रबरी टायरवर, वरच्या विजेच्या तारेवर चालणारी 'मेट्रो निओ' सुचवली गेली. सुमारे ३३ किलोमीटर आणि सुमारे २,१०० कोटी. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिचा उल्लेख आला, टाळ्या पडल्या आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे काम सुरू झाले नाही. सातपूर-अंबडचा कामगार आपल्या जुन्या मार्गानेच जात राहिला. मोठी गाडी येणार, येणार म्हणून शहरबसकडे दुर्लक्ष झाले, तर 'मोठ्या आशेवर उपाशी' अशी गत होते.

आता खर्चाचा साधा हिशेब. नागपूरच्या दुसऱ्या टप्प्याला किलोमीटरमागे सुमारे १५३ कोटी लागतात, नाशिकच्या निओला सुमारे ६३ कोटी. या दोहोंच्या मधला 'मेट्रोलाइट' नावाचा प्रकारही सरकारने २०१९ मध्ये मान्य केला. रस्त्यालगतच्या रुळांवर धावणारी ती जुन्या ट्रामची सुधारलेली बहीणच म्हणावी. जिथे एका दिशेने तासाला १५ हजारांपर्यंत प्रवासी असतील तिथे ती पुरते. ८ हजारांपर्यंत असतील तर निओ पुरते. त्याहून कमी असतील तर चांगल्या बसेस पुरतात. देशातील बऱ्याच मेट्रोंना अहवालात धरले होते तेवढे प्रवासी मिळालेले नाहीत. म्हणून गरजेपेक्षा मोठी गाडी मागणे म्हणजे ऐपतीबाहेरचे लग्न लावण्यासारखे आहे. वरात छान दिसते, कर्ज मागे राहते.

आणि हे कर्ज फेडणारे कोण? नागपूर मेट्रोसाठी जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी वित्तसंस्थांकडून कर्ज घेतले आहे. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत घर खरेदीवर १ टक्का मेट्रो अधिभार लागतो. आयुष्यभराच्या बचतीतून एक-दीड खोली घेणाऱ्या कुटुंबालाही तो चुकत नाही, मग त्याने मेट्रोत पाय ठेवलेला असो वा नसो. शिवाय नागपुरात मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत वाढीव एफएसआय मिळतो. जमिनीला भाव येतो, भाडे वाढते आणि भाडेकरू मागे ढकलला जातो. ज्याच्या दारात गाडी आली, तोच दार सोडून गेला, असे होता कामा नये.

सांगायचे तात्पर्य, आम्ही मेट्रोच्या विरोधात नाही आणि तिच्या झगमगाटाला भुललेलोही नाही. कोणत्याही शहरात असा प्रस्ताव आला की आपण ४ प्रश्न विचारावेत. पहिला, थांबा आपल्या वस्तीपासून चालत किती मिनिटांवर आहे आणि वाटेत अंधार किंवा धोक्याचा रस्ता आहे काय? दुसरा, भाडे किती आणि मासिक पास आहे काय? मेट्रोचे एक तिकीट आणि पुढे ऑटोचे दुसरे भाडे पडणार असेल, तर गरिबाला ती परवडत नाही. तिसरा, पहिली गाडी किती वाजता आणि शेवटची किती वाजता? दुसरी पाळी रात्री ११ ला सुटत असेल आणि शेवटची गाडी १० ला गेली असेल, तर ती गाडी साहेबांची, कामगारांची नव्हे. चौथा, नोकऱ्या कोणाला? महामेट्रो ही केंद्र आणि राज्य सरकारची निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी आहे, तिच्या नियमित पदांना आरक्षण लागू होते. पण सफाई, पहारा, तिकीट खिडकी ही कामे कंत्राटाने दिली की तिथे आरक्षणही नाही आणि कायमपणही नाही. झाडू आपल्या हातात आणि गाडीची किल्ली दुसऱ्याच्या, हे जुनेच चित्र नव्या स्थानकात रंगवले जाऊ नये. आपल्या आयटीआय झालेल्या मुलामुलींनी भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

यासाठी कागदाचा आधारही आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणात मेट्रो मागण्यापूर्वी इतर स्वस्त पर्याय तपासण्याची अट आहे. स्थानकाच्या आसपासच्या ५ किलोमीटर परिसरातून लोकांना पोहोचता यावे म्हणून जोडबस, पायवाट आणि सायकलची वाट यांची हमी प्रकल्प अहवालातच द्यावी लागते. तुमच्या भागातील अहवालात काय लिहिले आहे, ते माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.

म्हणून आमची विनंती आहे. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्यावा. महिला मंडळाने वस्तीतल्या वीस घरांचा हिशेब वहीत उतरवावा. कोण कुठे कामाला जातो, किती वाजता निघतो, काय भाडे पडते आणि घरी परततो कधी, एवढेच लिहावे. त्या वहीची प्रत अर्जासोबत महानगरपालिकेला, मेट्रोच्या कार्यालयाला आणि आपल्या नगरसेवकाला द्यावी, पोच घ्यावी. स्थानकाचे खांब उभे राहिल्यावर मोर्चा नेऊन थांबा हलत नाही. तो हलतो नकाशावर रेघ ओली असताना.

विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना. नागपूर रेल्वे स्टेशनला लागूनच मेट्रोचे स्थानक आहे. तिथून सीताबर्डीला गाडी बदलून काँग्रेसनगर किंवा रहाटे कॉलनीला उतरावे आणि पुढे चालत जावे. म्हातारी माणसे आणि लेकरे सोबत असतील तर परतीची वेळ आधीच विचारून ठेवावी.

जय भीम!