राघूचे ताट

बर दुबईतील आमच्या घराचे दार उघडताच जो पहिला ‘जय भीम’ कानी पडतो, तो माणसाचा नसतो. तो राघूचा असतो. राघू हा आफ्रिकेतील राखी पोपट. अंग राखेच्या रंगाचे आणि शेपूट लालभडक. हे अभिवादन त्याला आम्ही शिकवलेले नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याच इमारतीतील एका कुटुंबाची नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपत आली आणि त्यांना महिनाभरात गाशा गुंडाळून विदर्भात परतावे लागले. फर्निचर विकता आले, पोपट मात्र नेता येईना. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे झालेल्या ‘साइट्स’ परिषदेत राखी पोपटाचा समावेश सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या परिशिष्टात करण्यात आला आणि जानेवारी २०१७ पासून तो अमलात आला. तेव्हापासून हा पक्षी सीमेपार न्यायचा तर दोन्ही देशांचे परवाने लागतात. त्या कुटुंबाजवळ तेवढे दिवस उरले नव्हते. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी पिंजरा, कागदपत्रांची फाईल आणि सूर्यफुलाच्या बियांची एक मोठी पिशवी आमच्या दारात ठेवली. राघूने नेहमीप्रमाणे ‘जय भीम’ केला आणि त्यांच्या धाकटीला रडू आवरेना.

पिशवी संपली तशी आम्ही दुसरी आणली, मग तिसरी. राघू दुसरे काही खातच नव्हता. गाजर दिले की चोचीने उचलून पिंजऱ्याबाहेर फेकी, सफरचंदाकडे पाठ फिरवी. मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. कधी टीव्हीपुढे बसून आम्ही मीठ लावून भाजलेल्या बिया खात असलो, तर त्यातल्याही चार त्याच्या वाटीत पडत. पक्षी जे मागतो ते देणे म्हणजे माया, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती, हे येथे स्पष्टपणे लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

गेल्या जुलैत एके दिवशी कामावरून परतलो, तर घर गप्प होते. राघू दांडीवर पिसे फुगवून बसला होता. रात्री तो दांडीवरून खाली कोसळला, पंख ताठरले आणि अंगाला झटके येऊ लागले. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा त्यात कॅल्शियम फार कमी निघाले. राखी पोपटांमध्ये हा दोष विशेषत्वाने आढळतो. सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, फॉस्फरस भरपूर. कॅल्शियम मात्र अल्प आणि ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. वर्षानुवर्षे तेवढ्यावरच राहणाऱ्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते, नाकातोंडाची अस्तरे बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. पक्षी आपले दुखणे लपवतो, कारण रानात अशक्त दिसणारा जीव आधी मारला जातो. त्यामुळे मालकाच्या लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

डॉक्टरांनी पुढे विचारले, “पक्ष्याला ऊन मिळते का?” आम्ही म्हणालो, पिंजरा खिडकीशीच असतो. परंतु अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यासाठी लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व ज्या किरणांमुळे तयार होते, ते किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. वर्षभर ऊन ओतणाऱ्या या शहरात आमचा राघू, एसीच्या गारव्यात काचेआड बसून, उन्हाला पारखा झाला होता. (आमच्यापैकी कितीजणांच्या रक्ताच्या अहवालात हेच जीवनसत्त्व कमी निघाले आहे, हे वाचकांनी आठवून पाहावे.)

घरी आल्यावर अपराधाच्या भावनेने आम्ही दुसरी चूक केली. बियांची पिशवी फेकून दिली आणि वाटीत केवळ भाज्या व पोपटांसाठी दाबून तयार केलेल्या पेलेटच्या गोळ्या ठेवल्या. भूक लागली की खाईल, असा आमचा हिशेब होता. राघूने दोन दिवस कशालाही चोच लावली नाही. ४१८ ग्रॅमचा पक्षी ३८९ ग्रॅमवर आला. डॉक्टरांनी फोनवरच आम्हांला खडसावले. पोपट अनोळखी वस्तूला अन्न म्हणून ओळखतच नाही. भरल्या वाटीपुढे तो उपाशी मरू शकतो. रोज सकाळी, खाण्यापूर्वी, स्वयंपाकघरातील ग्रॅमच्या काट्यावर त्याचे वजन करावे आणि मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली तर प्रयोग थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा, असा नियम त्यांनी घालून दिला.

येथे आम्हांला संयुत्त निकायातील कोसलनरेश पसेनदीची आठवण झाली. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही. मितभोजनाची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणण्यासाठी शंभर कार्षापण देऊ केले. द्रोणावरून नाळीभर भातावर राजा आला तो क्रमाक्रमाने. राजाला जर इतका अवधी लागला, तर राघूला का लागू नये?

मग बिया परत आल्या, पण मोजून. दर आठवड्याला थोड्या कमी. त्यांत पेलेटचा चुरा मिसळला, संत्र्याच्या रसाचे चार थेंब टाकून. पक्षी सकाळी सर्वाधिक भुकेला असतो, म्हणून नवे अन्न सकाळीच. उकडलेले रताळे कोमट असताना, लाल भोपळा किसून, कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्याच्या गजाला टांगून. सर्वांत उपयोगी ठरले ते त्याच्यासमोर बसून तेच खाणे. पोपट थव्याने जेवणारा पक्षी आहे आणि आम्ही त्याचा थवा. सहा आठवडे आमच्या घरी न्याहारीला रताळे होते. मुलांच्या तक्रारींची नोंद आम्ही येथे करीत नाही.

तरी पहिला विजय आमचा नव्हे, आईचा. ती नागपूरहून व्हिजिट व्हिसावर आली होती. तिने पहिल्याच दिवशी राघूपुढे एक ताजी लाल मिरची धरली. आम्ही ओरडलो, “आई, तिखट आहे ते!” ती म्हणाली, “अरे, पोपट मिरचीच खाते.” राघूने मिरची पायात धरली, बिया सोलून खाल्ल्या आणि मग सालही संपवली. नंतर वाचले, तेव्हा कळले की पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, आणि लाल मिरचीत ‘अ’ जीवनसत्त्व करणारी द्रव्ये विपुल असतात. मिरचीवरून तो लाल ढोबळी मिरचीवर आला, तिच्यावरून गाजरावर. आईच्या लहानपणी गावात हिरवे पोपट पिंजऱ्यात असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आता भारतात ते पाळणे गुन्हा आहे, हे तिला पटवायला मात्र आम्हांला दोन दिवस लागले. तेच हिरवे पोपट इथल्या बागांत मोकळे उडताना दाखवले, तेव्हा ती खूश झाली.

ज्यांच्या घरी पोपट आहे त्यांनी काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. अ‍ॅव्होकाडो त्याला विष आहे, आणि आपल्या गल्लीतील रसाच्या दुकानांत तो सर्रास असतो. चॉकलेट आणि कडक चहाही नको, मुले कपात बोट बुडवून देतात तेवढासुद्धा. टरफलासकट शेंगांवर बुरशी असू शकते. नॉन-स्टिकचा तवा फार तापला तर त्याचा धूर माणसाला जाणवण्याआधी पक्ष्याचा जीव घेतो. आमचा तवा आता लोखंडी आहे.

हिवाळ्यात राघूला सकाळी अर्धा तास बाल्कनीत ठेवतो, शेजारी कुणीतरी बसून, कारण खालच्या मांजरी वर पाहत असतात. उन्हाळ्यासाठी पक्ष्यांचा दिवा घेतला आहे. रोजच्या ताटात निम्म्याहून अधिक पेलेट, उरलेल्या भाज्या. सूर्यफुलाच्या बिया बारा, त्याही शब्द बोलल्यावर बक्षीस म्हणून. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. आमचा व्हिसा दोन वर्षांचा असतो. त्याची फाईल आम्ही आमच्या पासपोर्टांसोबत ठेवली आहे आणि परवान्यांची चौकशी आतापासूनच चालू केली आहे.

मागच्या शुक्रवारी त्या कुटुंबाचा व्हिडिओ कॉल आला. धाकटी आता आठवीत आहे. राघूने पडद्याकडे मान वाकडी करून पाहिले, ‘जय भीम’ केला आणि बी मागितली. आज सकाळी त्याचे वजन ४३१ ग्रॅम भरले. मेथी मात्र तो अजूनही बाहेर फेकतो.