तोडीचा क्रम चिठ्ठीने की वहीने?



गळीत सुरू व्हायच्या आधीच शेतकी ऑफिसात गर्दी होते. "साहेब, आमची तोड तेवढी आधी टाका." कुणी संचालकाची चिठ्ठी आणतो, कुणी पाहुण्याचा शब्द. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. तुरा आलेला ऊस उभा राहिला की पांगशा फुटतात, दशी पडते, वजन घटते, गव्हाला रान मोकळे होत नाही. ज्याचे जळते त्याला कळते. पण चिठ्ठीवर तोड दिली की चिठ्ठी न आणणारा तर बुडतोच, आणणाराही बुडतो.

कसा, ते बघा. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3550 रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्यापुढे उतारा 0.1 टक्क्याने वाढला की टनाला 34 रुपये 60 पैसे जादा. एकरी 50 टन धरले तर एकराला 1730 रुपये झाले की! आणि हा उतारा तुमच्या-आमच्या फडाचा वेगळा धरत नाहीत, साऱ्या कारखान्याचा सरासरी धरतात. वशिल्याचा कोवळा ऊस गव्हाणीत पडला की सगळ्यांचाच दर खाली ओढला जातो.

मग पक्व कुठला आणि कोवळा कुठला, हे कशावरून ठरवायचे? त्याची माहिती कारखान्यातच आहे. शेतकी खात्याच्या नोंदीत लागणीची तारीख, जात, लागण की खोडवा, सगळे असते. खोडवा लागणीपेक्षा लवकर पिकतो, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. फडात ब्रिक्स बघता येतो; शेंड्याचा आणि बुडख्याचा जवळजवळ सारखा आला म्हणजे ऊस तयार. तोडीच्या स्लिपवर तारीख असते, काट्यावर वेळ पडते, म्हणजे तोडलेला ऊस 24 तासांच्या वर कुठे वाळत पडला तेही कळते. प्रयोगशाळेत रोजचा उतारा लिहिलेला असतो. पण या वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, हात वर होतात, आणि अहवाल घरी कोनाड्यात जातो.

प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. शेतकऱ्यांच्या कारखान्याला हिशेबी माणूस परका नव्हता, एवढेच सांगायचे.

आता थोडे आपल्याविषयी. लागण ऑक्टोबरची आणि नोंद जुलैच्या आडसालीची, असे किती फड निघतील? चिटबॉयला बांधावर चहा पाजून तारीख मागे सरकते, ऊस काही त्यामुळे पिकत नाही. वहीच खोटी भरली तर तिच्यावरून काढलेला क्रमही खोटाच. तेव्हा नोंद देताना शेजारच्या बांधकऱ्याचीही सही घ्यावी, असे आमचे मत आहे. बांधकऱ्याला सगळे ठाऊक असते.

आणि संचालक मंडळाकडे आमचे मागणे असे : दर आठवड्याला प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर तोडीचा क्रम लावा, लागणीची तारीख, जात आणि ब्रिक्स यांसह. जळीत ऊस, पाणी शिरलेला फड यांना मध्ये घ्यावेच लागेल, त्याला कुणाची हरकत नाही. पण ज्याची तोड मध्ये घातली, त्याच्या नावापुढे कारणही त्याच फळ्यावर लिहा.